आधी काळोख पाहायचा

आपा,

तुमचा संगणक अजून चालूच होता. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, बाहेरगावचे पाहुणे परतले, आणि मग तुमच्या भावाने, इक्बालभाईंनी मला फोन केला. म्हणाले, वरची खोली आता आवरायला हवी, पण आपाच्या मशीनला घरात कुणी हात लावलेला नाही. "तुमच्या दोघींची अमानत आहे ती. तू ये आणि काय ते बघ."

मी सुकापूरहून रिक्षाने आले. खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, कुणी पंख्याचा रेग्युलेटर बदलून मागत होतं. इक्बालभाईंनी मला पाहून नुसती मान वर केली, म्हणजे जा. चपला जिन्याखाली काढल्या. वर टेबलावर बिस्किटांचा पुडा होता, त्याला तुम्ही लावलेला कपड्याचा चिमटा. पडद्यावर अंधार होता, पण खालचा हिरवा दिवा जळत होता. वीज गेली असेल तेव्हाही दुकानाच्या इन्व्हर्टरने त्याला जागं ठेवलं असणार.

मी तुमच्या खुर्चीवर बसले नाही, ती मागे सरकवली. माझी खुर्ची ओढून घेतली आणि कीबोर्डवरची एक कळ दाबली. माऊसला हात लावला नाही. का लावला नाही, ते तुम्हाला सांगायला नको. पण हे आता दुसरेही वाचतील, म्हणून पुढे सांगते.

आपण काय काम करतो, हे मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. तुम्हीच एकदा माझ्या आईला सांगितलंत ते मला सगळ्यात बरं वाटतं. एक भलंमोठं गोल यंत्र असतं, त्याला सिंक्रोट्रॉन म्हणतात. त्यात विजेचे कण पळवतात आणि ते वळताना त्यांच्यातून फार तीव्र किरण निघतात. तो किरण चिमूटभर भुकटीवर सोडला की पलीकडच्या डिटेक्टरवर वर्तुळं उमटतात. त्या वर्तुळांवरून भुकटी आतून कशी रचलेली आहे ते कळतं. यंत्र दुसऱ्यांचं, भुकटी दुसऱ्यांची. आपण पनवेलात बसून फक्त ती चित्रं उघडायचा, पाहायचा आणि मोजायचा प्रोग्रॅम लिहितो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमी चष्मा बनवता." तुम्ही इतक्या खूश झालात की महिनाभर येईल त्याला ते सांगत होतात.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी.ची पदवी होती आणि इंग्रजीची भीती होती. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शाळा जिल्हा परिषदेची, सगळं शिक्षण मराठीत, आणि कॉलेजात प्रश्न विचारायची वेळ आली की मी वहीत बघायची. तुम्ही गुणपत्रिका मागितली नाहीत. पडद्यावर एक चित्र लावलंत, वर्तुळात वर्तुळ, आणि विचारलंत हे कशाचं असेल. मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, "मीठ."

मला वाटलं चेष्टा करताय. मग मी तुम्हाला सांगितलं की माझ्या आजोबांचं आयुष्य उरणच्या बाजूला मिठागरात गेलं, आईच्याही लहानपणी तिच्या पायांना कायम खारट भेगा असायच्या. तुम्ही चित्र सोडून माझ्याकडे वळलात. मीठ तयार झालं हे कसं ओळखतात, पाण्यावर साय कशी धरते, फावडं कधी लावायचं, हे सगळं विचारत राहिलात. मला आधी कुणी हे विचारलं नव्हतं. नोकरी मिळाली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण तुम्ही म्हणालात, उद्या येताना घरचं जाडं मीठ घेऊन ये.

ते मीठ मी कुटलं, तुम्ही ओळखीच्या एका संशोधकाबरोबर यंत्रावर पाठवलंत, आणि चित्र आलं. आमच्या मिठाची वर्तुळं सलग नव्हती, ठिपक्याठिपक्यांची होती. दाणा जाड राहिला की तसं होतं. तुम्ही म्हणालात, "वैशाली, फिजिक्स येतं तुला, कुटता येत नाही." मी ते चित्र फोनवर आईला दाखवलं. तिने आधी हात झटकला. "मिठात काय बघाचा हाय? मीठ त मीठ." मग फोन परत मागून घेतला आणि बराच वेळ बघत बसली. जात्याभोवती पीठ सांडतं तसा दिसतंय, म्हणाली. ते चित्र आजही आपल्या प्रोग्रॅमची पहिली चाचणी आहे. नवीन काही लिहिलं की आधी आमच्या मिठावर चालवायचं.

इंग्रजीच्या भीतीवर तुम्ही काढलेला उपाय मला तेव्हा विचित्र वाटला होता. म्हणालात, तू ज्या भाषेत विचार करतेस त्या भाषेत बटणं लिही, इंग्रजी नंतर करू. म्हणून बाहेर जाणारा प्रोग्रॅम इंग्रजीत आहे आणि आपल्या दोघींच्या मशीनवरचा मराठीत. मी एका ठिकाणी "फाईल उघडेना" असं लिहिलं होतं. तुम्ही हसलात, उघडेना म्हणजे काय, रुसली का? पण ते बदलू दिलं नाहीत. आणि मोठा हिशोब चालू असताना पडद्यावर जी ओळ येते ती तुमची आहे. तुम्ही लिहिलं होतं: "मोजतेय, थांब."

आपा, त्या ओळीचं मी आता काय करू? तुम्ही गेल्यावर मी घरी काम उघडलं, एक फाईल लावली, आणि पडद्यावर आलं, मोजतेय, थांब. मी लॅपटॉप मिटला. मग उघडला. अजून मोजतच होतं.

तुमची एक पद्धत होती. कुठलंही चित्र पाहण्याआधी तुम्ही काळी फ्रेम पाहायचात. झडप बंद करून, किरण नसताना काढलेलं चित्र. ते कोरं असायला हवं, पण डिटेक्टरची स्वतःची थोडी कुजबुज असते. म्हणून ती काळी फ्रेम आधी काढून ठेवतात आणि मग नमुन्याच्या चित्रातून वजा करतात. सगळे वजा करतात. पाहत कुणी नाही. तुम्ही पाहायचात, उजेड वाढवून, चारही कोपरे फिरून मग मध्य. सुरुवात वरच्या उजव्या कोपऱ्यापासून. मी डावीकडून सुरू करायची आणि मध्येच आपली टक्कर व्हायची. तुम्ही म्हणायचात, तुझं बाराखडीचं वळण आहे, माझं मदरशाचं. मी विचारलं होतं, काळ्यात काय बघायचं? तुम्ही म्हणालात, "काही नाही ना, एवढंच बघायचं."

मला ते तुमचं एक खूळ वाटायचं, ती हाडाच्या भुकटीवर काम करणारी मुलगी येईपर्यंत. तिच्या चित्रात एक वर्तुळ असायला हवं होतं आणि ते नव्हतं. ते नसण्यावर तिने अर्धा प्रबंध उभा केला होता. आलेख आपल्या प्रोग्रॅममधून काढले होते, म्हणून तिने नुसतं दाखवायला पाठवले. तुम्ही तिची काळी फ्रेम मागवलीत. उजेड वाढवत गेलात, आणि त्या काळोखात हळूहळू एक वर्तुळ वर आलं. मग आणखी एक. ती वर्तुळं मी ओळखत होते. ते मीठ होतं. तिने आधी यंत्र जुळवायला मिठाचं चित्र घेतलं, झडप बंद केली आणि लगेच काळी फ्रेम काढली. डिटेक्टर इतक्या लवकर विसरत नाही. मिठाची फिकट खूण काळ्या फ्रेममध्ये उतरली आणि ती वजा करताना तिच्या नमुन्याचं त्याच जागेवरचं वर्तुळ पुसलं गेलं.

तुम्ही ईमेल लिहिली नाहीत. फोन केलात. "तुझा नमुना ठीक आहे. तुझा काळोख स्वच्छ नव्हता," असं म्हणालात, आणि ती रडायची थांबेपर्यंत फोन कानाला धरून बसलात.

त्यानंतर आपण ते बटण घातलं. प्रोग्रॅम आधी काळी फ्रेम दाखवतो, आणि खाली "पाहिलं" असं बटण येतं. ते दाबल्याशिवाय पुढचं काही उघडत नाही.

आणि आपलं भांडणही त्याच बटणावरून. लोकांच्या तक्रारी यायच्या. यंत्रावर पाळी मिळते ती तासांची, फायली येतात ढिगाने, आणि प्रत्येक वेळी तुमचा प्रोग्रॅम आम्हाला काळं दाखवून थांबवतो. मी त्यावर काम करत होते. काळ्या फ्रेममध्ये कुठलीही उरलेली खूण असली तर आपोआप शोधून काढणारा भाग लिहिला. हाडाच्या भुकटीच्या त्या जुन्या फाईलवर चालवला, त्याने मीठ लगेच पकडलं, डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी. तुम्ही खालून समोसे मागवलेत आणि इक्बालभाईंना वर बोलावून सांगितलंत की पोरीने काय केलंय बघ. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी समोसा घेतला. मग मी म्हटलं, आता बटण काढू या. तुम्ही म्हणालात, तुझं ते ठेवू या, आणि बटणही राहू दे.

आपल्या दोघींचा एक नियम होता. दोघींनी हो म्हटल्याशिवाय काहीही बाहेर जायचं नाही. तो नियम तुम्ही केलात, मी नवखी असताना, जेव्हा माझ्या हो ला काही वजन नव्हतं. मला ते वजन देण्यासाठीच केला होतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्याच नियमाने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती अडून राहिली. एका प्रयोगशाळेने स्पष्ट कळवलं होतं की बटण नसलेली आवृत्ती लवकर हवी, सोबत नमुन्याची फाईलही पाठवली होती. शेवटच्या संध्याकाळी आपण त्यावरच बोलत होतो.

मी म्हटलं, "आपा, लोक पाहतच नाहीत. दाबतात आणि पुढे जातात."

"तू पाहतेस ना?"

"मी पाहते."

"मग एक जण तरी आहे."

मी म्हटलं की एकीसाठी सगळ्यांना अडवून ठेवायचं का. तुम्ही चष्मा काढलात. "तू जे शिकवलंस ते तुझा कोड शोधेल. जे तुला माहीतच नाही, ते त्याला कोण शिकवणार?"

"आणि जे मला माहीत नाही, ते माझ्या डोळ्यांना तरी कसं कळणार?"

तुम्ही पुड्याचा चिमटा काढलात, लावलात, परत काढलात. मला एक बिस्कीट दिलंत. म्हणालात, "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी मी येईपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती, आणि खाली रस्त्यावर माणसं उभी होती.

इक्बालभाई सांगतात, तुम्ही सकाळपासून वरच होतात. जेवायला हाक मारली, आले म्हणालात, खाली आलात, आणि परत वर गेला नाहीत.

तर मी कळ दाबली आणि पडदा उजळला. उजळला कसला, काळाच. प्रयोगशाळेने पाठवलेली फाईल उघडी होती, त्यातली काळी फ्रेम. वरचा उजवा कोपरा मोठा करून ठेवलेला, त्यात आपली पिवळी फुली, माऊस जिथे असतो तिथे दिसते ती. खाली "पाहिलं" हे बटण, न दाबलेलं.

माऊसला हात न लावण्याचं कारण हे. प्रोग्रॅम बंद करताना शेवटची नजर कुठे होती ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतो. हे तुम्ही मागितलं होतंत, जेवून आलं की कुठे होते ते आठवत नाही म्हणून, आणि मी लिहून दिलं होतं. माऊस हलला की फुली हलते. मी कीबोर्डवरून प्रोग्रॅम बंद केला असता, तर तो कायम तुमच्या नजरेवर उघडला असता. मी फोटो काढला, त्यात खिडकी आणि माझंच तोंड आलं. स्क्रीनशॉट घेतला, काळा चौकोन आणि एक फुली. त्या जागेचे आकडे टिपून ठेवता आले असते, पुन्हा तिथे जाताही आलं असतं. पण मग तिथे गेलेली मी असते, तुम्ही नाही.

आणि दुसरी भीती त्याहून वाईट होती. त्याच फाईलवर मी आधी माझा कोड चालवला होता. त्याने सांगितलं होतं, स्वच्छ. मग तुम्ही त्या कोपऱ्यात काय पाहत होतात? तिथे काही असेल, तर माझा कोड आंधळा आहे, आणि हे तुम्हाला कळलं होतं, आणि मला सांगायला तुम्ही उरला नाहीत. पाहायचं तर उजेड वाढवावा लागणार, म्हणजे फुली हलवावी लागणार. नाही पाहायचं, तर तुमची नजर माझ्याकडे राहील आणि हा प्रश्नही राहील.

बाहेर उतरत्या दुपारची, असरची अजान झाली. काळ्या पडद्यात माझ्या मागची तुमची रिकामी खुर्ची दिसत होती. ती खरंच रिकामी आहे ना, हे बघायला मी एकदा वळले. खोटं का सांगू.

मग मी माऊस धरला. फुली सरकली. मला वाटलं होतं काहीतरी होईल, रडू वगैरे येईल. फुली सरकली, इतकंच झालं.

उजेड वाढवला. कोपऱ्यात एक पांढरा ठिपका वर आला. मी त्याला ओळखलं. त्या प्रयोगशाळेच्या डिटेक्टरचा बिघडलेला ठिपका, कायम पेटलेला. त्यांची कुठलीही फाईल उघडली की तुम्ही त्याला पाहून म्हणायचात, हा आहे जागेवर. त्याच्या आजूबाजूला काही नव्हतं. दाणेदार काळोख, डिटेक्टरची कुजबुज.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्हाला काही सापडलं नव्हतं. तुम्ही तुमच्या फेरीच्या पहिल्याच कोपऱ्यात होतात. ठिपका जागेवर आहे का ते पाहायला तिथे गेलात, आणि उजेड वाढवण्याआधीच खालून जेवायला हाक आली.

उरलेली फेरी मी केली. उजवीकडून सुरू झालेली होती, म्हणून उजवीकडूनच पुढे नेली. खालचा उजवा कोपरा. खालचा डावा. वरचा डावा. मग मध्य. हात सारखा डावीकडे धावत होता, त्याला आवरत नेलं. सावकाश पाहिलं, तुम्ही पाहायचात तसं, मान थोडी तिरपी करून, आणि एका जागी तर मला तुमचा श्वास जवळ ऐकू आल्यासारखा वाटला. तो पंखा होता.

इक्बालभाई चहा घेऊन वर आले. दारातच थांबले. आत यावं की नाही असं त्यांचं चाललं होतं, स्वतःच्याच घरात. पडद्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "सापडलं काही?"

मी नाही म्हटलं.

"मग आपा एवढा वेळ काय बघत बसायची?"

"काही नाही ना, ते."

त्यांनी मान हलवली. चहा टेबलावर ठेवला, चिमटा लावलेला पुडा माझ्याकडे सरकवला आणि खाली गेले.

आपा, आवृत्ती बाहेर गेली. बटण ठेवून गेली. तुमचं पटलं म्हणून नाही. मी अजूनही म्हणते की लोक पाहत नाहीत, आणि तुम्ही अजून माझ्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. पण बटण काढायला तुमचा हो लागतो, तो मला मिळालेला नाही, आणि नियम नियम आहे. एक बदल मात्र केला. माझा कोडही त्यात आहे, पण माणसाने "पाहिलं" म्हटल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आधी माणूस, मग तो. याला तुम्ही काय म्हणाला असता, मला माहीत नाही. हो किंवा नाही, दोन्ही मला तुमच्या आवाजात ऐकू येतं, आणि दोन्ही मीच बोलतेय हेही कळतं.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नाराज आहेत. तुम्ही असतात तर त्यांना फोन केला असतात.

त्या दिवशी चहा प्यायले. बिस्किटं मऊ पडली होती, तरी खाल्ली. मग तुमची राहिलेली गोष्ट पुरी केली. "पाहिलं" वर फुली नेली आणि दाबलं.

काळोख गेला. पडद्यावर तुमची ओळ आली: मोजतेय, थांब.

मी थांबले.